कार्ड जाड, वाट वाकडी

चोपडा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. चार पानी आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं देतो.

"नाना, नमस्कार. मी दोन वर्षांपासून घरच्या घरी बारसं, डोहाळजेवण, हळदीकुंकू यांची आमंत्रणं करून देते. डिझाइन मोबाइलवर करते आणि प्रिंट गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणते. त्याचं मशीन जाड कार्ड कधी घेतं, कधी अडकवतं, आणि अडकलं की तो माझ्याकडेच बघतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत स्वतःचा प्रिंटर घ्यायचाय. हातात १५ हजार आहेत. ३०० जीएसएमचं चकचकीत कार्ड, शंभर शीट, आधीच आणून ठेवलंय. जळगावचा दुकानदार म्हणतो, 'ताई, यात बठ्ठं (सगळं) चालस.' भाऊ म्हणतो लेझर घे, शाईच्या भानगडीत पडू नको. मिस्टर म्हणतात, घेऊच नको. तर कोणता घेऊ? लग्नपत्रिकांच्या ऑर्डरी घेता येतील का? आणि सोनेरी अक्षरं घरी निघतात का?"

ताई,

प्रिंटरचं नंतर. आधी त्या शंभर शीटांचं बघू, कारण पैसे तिथे अडकलेत.

चकचकीत म्हणताय म्हणजे बहुधा तुम्ही आर्ट कार्ड आणलंय. ते छापखान्यातल्या ऑफसेट मशीनसाठी असतं. त्याच्या अंगावर खडूसारख्या पांढऱ्या मातीचा लेप देऊन, दाबून ते गुळगुळीत केलेलं असतं. ऑफसेटची शाई घट्ट, तेलकट, मलमासारखी. ती त्या लेपावर बसते. घरच्या इंकजेटची, म्हणजे शाईचे थेंब उडवून छापणाऱ्या प्रिंटरची, शाई म्हणजे रंगवलेलं पाणीच म्हणा ना. ती झिरपायला जागा शोधते, जागा मिळत नाही, मग अळवावरच्या पाण्यासारखी वरच थबकून राहते. प्रिंट बाहेर येताना झकास दिसतं. तासाभराने बोट फिरवा, गणपतीची सोंड कानापर्यंत गेलेली असते.

खात्री करायची तर बोट जरासं ओलं करा आणि शीटच्या कोपऱ्यावर दाबून उचला. इंकजेटसाठी लेप दिलेला कागद बोटाला किंचित चिकटतो, कारण तो पाणी ओढून घेतो. तुमचं कार्ड बहुतेक चिकटणार नाही. मग ती शंभर शीटं वाया गेली का? नाही. पाकीट फोडलं नसेल तर बदलून घ्या. फोडलं असेल तर जिथे मोठं डिजिटल कलर मशीन आहे अशा दुकानात ती चालतात, तिथे टोनर, म्हणजे शाईची पूड, उष्णतेने चिकटवतात. एखादी मोठी ऑर्डर आली की ती शीटं तिकडे न्या. तुमच्या घरच्या प्रिंटरसाठी मात्र दुसरं कार्ड आणा. मागताना नुसतं "जाड कार्ड" म्हणू नका, "इंकजेटचं मॅट कार्ड, दोन्ही बाजूंनी छापता येईल असं" म्हणा (मॅट म्हणजे न चकाकणारं). ते मिळालं नाही तर लेप नसलेलं, फुगीर आयव्हरी कार्ड. आयव्हरीवर रंग थोडा दबतो, पण पसरत नाही.

आता जीएसएम. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, एवढाच त्याचा अर्थ. झेरॉक्सचा कागद ७० ते ८०, व्हिजिटिंग कार्ड साधारण ३००. पण हे वजन आहे, जाडी नव्हे. दाबलेलं आर्ट कार्ड आणि फुगीर आयव्हरी, दोन्ही ३००ची घेतली तरी आयव्हरी जास्त जाड भरतं, आणि प्रिंटरच्या पोटात अडकतं ते जाडीमुळे आणि ताठपणामुळे. शिवाय पाकिटावर छापलेला आकडा खराच असतो असंही नाही. तो घरी तपासता येतो. ए-फोरची १६ शीटं म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटर. तेव्हा १६ शीटं काट्यावर ठेवा, जितके ग्रॅम भरतील तितकं जीएसएम. दहाच ठेवली तर आलेल्या वजनाला १.६ने गुणा. ३००ची दहा शीटं साधारण १८७ ग्रॅम भरायला हवीत. जळगाव जिल्ह्यात राहून सोनाराच्या नाजूक काट्याची वाण नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटाही चालेल. मी एकदा "३००"चं म्हणून आणलेलं कार्ड असंच तोललं तर २४०च्या आत निघालं. मला ते बरंच वाटलं. का ते पुढे सांगतो.

दुकानदार "बठ्ठं चालस" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, अर्धंच वाचत असतो. माहितीपत्रकात कागदाच्या वजनाचे एकापेक्षा जास्त आकडे असतात. उदाहरणार्थ, साधा कागद ६० ते ९०, कार्ड २०० पर्यंत, फोटोपेपर ३०० पर्यंत. दुकानदार शेवटचा आकडा वाचतो. फोटोपेपर बऱ्याचदा छोट्या आकाराचा, गुळगुळीत आणि कंपनीने स्वतःच्या मशीनवर तपासलेला असतो. तुमचं ए-फोरचं ताठ कार्ड त्या ओळीत बसत नाही. तुमचा आकडा "कार्ड" या शब्दापुढचा. तो शब्दच नसेल, तर साध्या कागदाच्या आकड्यापलीकडे सगळं तुमच्या जोखमीवर.

पण खरं सांगू, मी आकड्यांकडे नंतर बघतो. आधी प्रिंटरच्या मागे जाऊन उभा राहतो आणि कागदाची वाट बघतो.

ज्या प्रिंटरचा ट्रे पुढून खाली सरकतो, त्यात कागद आत जातो, रोलरभोवती पूर्ण उलटा फिरतो आणि पुढूनच बाहेर येतो. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना लांबलचक ट्रक वळणावर कसा अडतो ते तुम्ही पाहिलं असेल. जाड कार्डाचं तसंच होतं. एक तर ते वळतच नाही, नाहीतर वळतं आणि बाहेर आल्यावर कायमचं बाक घेऊन बसतं. पाहुण्यांना दिलेलं आमंत्रण टेबलावर डुलत राहतं. दुसरा प्रकार मागून उभा कागद लावायचा. त्यात कागद वरून तिरका उतरतो, थोडासाच वाकतो आणि पुढे येतो. तुम्हाला हा हवा. एप्सनची एल-३२५० आणि तिची भावंडं, कॅननच्या जी मालिकेतली साधी मॉडेलं, यांत कागद असा मागून लागतो. ब्रदरच्या टँकवाल्यांत, म्हणजे बाटलीतून टाकीत शाई ओतायच्या प्रिंटरांत, ट्रे पुढे असतो, पण काही मॉडेलांना मागे एकेक शीट हाताने सरकवायची वेगळी फट असते. ती फट असेल तर तोही विचारात घ्या. फट नसेल तर सोडून द्या, मग किंमत कितीही गोड असो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. धुळ्यात २० वर्षं स्क्रीन प्रिंटिंग केलं, हात कोपरापर्यंत शाईत, आणि घरात पहिला प्रिंटर घेतला तो दिसायला सुबक म्हणून. पुढचा ट्रे, वरती काच, सगळं कसं नीटनेटकं. भाचीच्या साखरपुड्याची ६० कार्डं काढायची होती. अकराव्या कार्डाला तो थांबला. मी घाईत कार्ड मागच्या मागे ओढलं. कट असा आवाज आला आणि आतला पांढरा प्लास्टिकचा दात माझ्या तळहातावर. उरलेली ४९ कार्डं बहिणीने आणि मी रात्री बोरूने लिहिली. पाहुण्यांनी कौतुक केलं ते त्याच ४९ कार्डांचं, पण ते असो. कार्ड अडकलं तर आधी बटणाने मशीन बंद करा, मागचं झाकण उघडा आणि कागद ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, हळू ओढा.

भावाचा लेझरचा सल्ला. भाऊ चुकीचा नाही, त्याचं काम वेगळं असेल. लेझरमध्ये टोनरची पूड कागदावर पडते आणि सुमारे २०० अंशांपर्यंत तापलेल्या रोलरखाली वितळून चिकटते. अक्षर टोकदार येतं, पाण्याने जात नाही. पण घरगुती काळ्या-पांढऱ्या लेझरच्या माहितीपत्रकात कागदाची कमाल मर्यादा बहुधा १६३ जीएसएम लिहिलेली असते. जाड कार्ड उष्णता पिऊन टाकतं, टोनर अर्धा कच्चा राहतो, आणि घडी घातली की घडीवर पापुद्रा सुटतो. रंगीत लेझर तुमच्या १५ हजारांत बसत नाही. आणि लाइट गेल्यावर? लेझर तापताना एकदम शेकडो वॉट खेचतो. घरचा इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो. टँकवाला इंकजेट छपाई करताना १०–२० वॉटवर भागवतो, एका एलईडी बल्बएवढा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा मुद्दा माझ्या लेखी निम्मा निर्णय आहे. एक सावधानतेची गोष्ट सांगून ठेवतो. इंकजेटचा फोटोपेपर कधी भावाच्या लेझरमध्ये घालू नका, त्याचा लेप वितळून रोलरला चिकटतो आणि भावाबहिणीत वितुष्ट येतं.

म्हणजे मागून कागद घेणारा टँकवाला इंकजेट. कार्ट्रिजवाला स्वस्त दिसतो, पण रंगीत कार्डांच्या कामात त्याची शाई सासरच्या खर्चासारखी, कधी संपली कळतच नाही. टँकवाल्यांत निवडताना दोन गोष्टी विचारा. एक, काळी शाई पिग्मेंटची आहे का डायची. डायची शाई पाण्यात विरघळलेला रंग, पिग्मेंट म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक कण. कण कागदावर बसले की पाण्याने सहसा हलत नाहीत. कॅननच्या जी मालिकेतल्या बहुतेक चार-बाटल्यांच्या मॉडेलांत आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये काळी पिग्मेंट, बाकीच्या तीन डाय. एप्सनच्या ००३ नंबरच्या शाईवर चालणाऱ्यांत चारही डाय. तुमच्या कामात याने काय फरक पडतो? आमंत्रणाच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाची ओली बोटं लागतातच, ती लावल्याशिवाय आपल्याकडे आमंत्रण आमंत्रण वाटत नाही. मजकूर काळ्या पिग्मेंटमध्ये असेल तर तो टिकतो. मात्र पेपर टाइपमध्ये "ग्लॉसी" निवडलंत की असा प्रिंटर बहुधा काळी शाई बाजूला ठेवतो आणि तीन रंग मिसळून काळं तयार करतो, मग ते फायद्याचं गणित संपलं. रंगीत फुलं-पानं जास्त आणि मजकूर कमी असेल तर चारही डायवाला वाईट नाही. तुमच्या कार्डांची वर्णनं वाचून मी काळ्या पिग्मेंटकडे झुकेन.

दुसरं, वाया गेलेली शाई कुठे जाते. हेड (शाई सोडणारा भाग) साफ करताना आणि कडेपर्यंत बिनमार्जिन छापताना जी शाई सांडते ती आतल्या एका पॅडमध्ये मुरते. ते भरलं की प्रिंटर काम थांबवतो. काही मॉडेलांत ते पॅड डब्यासारखं असतं, आपणच काढून नवं बसवता येतं. काहींत सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं, आणि सर्व्हिस सेंटर तुमच्या गावात नाही, जळगावला किंवा धुळ्याला. एसटीत मांडीवर प्रिंटर घेऊन बसायची हौस नसेल तर हे आधीच विचारा.

आता दुकानात काय करायचं ते. गोलाणी मार्केटमध्ये जा किंवा आणखी कुठे, पण जाताना तुमच्या नव्या कार्डाची पाच-सहा शीटं सोबत न्या, दप्तरात सपाट ठेवून, गुंडाळी करून नाही. आणि मोबाइलमध्ये एक डिझाइन, ज्यात एक कडेपासून कडेपर्यंत गडद रंगाचा पट्टा आहे, मेंदीचा हिरवा किंवा शालूचा गडद लाल. दुकानदाराला म्हणा, भाऊ, ह्याच्यावर काढून दाखवा. पाचही शीटं, एकामागून एक. एक शीट कुठलाही प्रिंटर घेतो. चौथं-पाचवं घेतं का ते बघायचं. पट्ट्यात रोलरचे चट्टे उमटलेत का बघा. शीटच्या शेवटच्या इंचभर भागाकडे नीट बघा, कारण मागचा रोलर कागद सोडतो तेव्हा कार्ड उडी मारतं आणि तिथे रेघ पडते. मागची बाजू बघा, शाईचे डाग लागलेत का. चौकट तिरकी गेलीय का ते घडी घालून बघा. मग दहा मिनिटं इकडे-तिकडे फिरा, चहा घ्या, आणि परत येऊन पट्ट्यावर बोट फिरवा. डेमोला तयार नसलेला दुकानदार मी तरी सोडून देतो. "कंपनी डेमो देत नाही" वगैरे ऐकायला मिळेल. शेजारच्या दुकानात तेच मॉडेल उघडं ठेवलेलं असतं.

आता ३०० का हवं, हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. माझा अंदाज, कुणीतरी म्हणालं "भारी कार्ड ३००चं असतं". हातात घेतल्यावर भारी वाटायला २२०–२५० पुरतं, त्यातही मॅट असेल तर. घरच्या प्रिंटरला त्या वजनात आणि ३०० मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून ते २४०चं निघालेलं कार्ड मला बरं वाटलं होतं. आणि एखाद्या गिऱ्हाइकाला टणक कार्ड हवंच असेल तर १६०–१८०च्या मॅट कागदावर छापा आणि ते रंगीत जाड कार्डावर चिकटवा, चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर रंगाची कड ठेवून. प्रिंटरला त्रास नाही, शिवाय दोन थरांचं कार्ड एका थरापेक्षा देखणं दिसतं. तुम्ही आणलेल्या त्या शंभर शीटांचा हाही एक उपयोग आहे, तळाला.

घडीचं सांगतो, कारण बारशाची कार्डं सगळी घडीची असतात. कागदाला धाग्यांची एक दिशा असते, लाकडाच्या रेषांसारखी. त्या दिशेने घडी सरळ बसते, आडवी घातली की फाटल्यासारखी दिसते. कार्डाची पट्टी कापून ओली करा. ती ज्या अक्षाभोवती नळीसारखी वळते, ती धाग्यांची दिशा. छापखान्यात घडीआधी क्रीज मारतात. घरी रिफिल संपलेलं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी घ्या, दोनदा रेघ ओढा, मग घडी घाला. मी पत्नीची स्वेटरची सुई वापरायचो. तिला कळेपर्यंत.

छापतानाच्या थोड्या गोष्टी. कार्डं पाच-सहाच लावा, चळत नको. ऑटो डुप्लेक्स, म्हणजे आपोआप दोन्ही बाजू छापायची सोय, असेल तर ते बंद. दुसरी बाजू हाताने उलटून, पहिली नीट वाळल्यावर. सेटिंगमध्ये पेपर टाइप "मॅट" ठेवा. आयव्हरीला ग्लॉसी निवडलंत तर शाई भसाभसा पडते आणि कार्ड पापडासारखं फुगतं. मॅटला "प्लेन" निवडलंत तर रंग मळकट येतो. जाड कागदासाठी कॅननमध्ये "प्रिव्हेंट पेपर अॅब्रेजन" आणि एप्सनमध्ये "थिक पेपर" अशी सोय असते, ती चालू करा. त्याने हेड आणि कागद यांच्यातलं अंतर वाढतं किंवा हेड कार्डाला घासणार नाही अशी काळजी घेतली जाते. हेड घासलं तर कडेला काळे फराटे येतात आणि रोज घासलं तर हेडच जातं, आणि हेडची किंमत ऐकून मिस्टर म्हणतील, सांगितलं होतं ना. रोलरवर कागदाचा भुसा साचला की कार्ड घसरतं. किंचित ओलसर फडक्याने पुसत जा. कापडाचे धागे सुटणारं फडकं नको. कापसाच्या मुलखात राहून हे सांगावं लागतंय.

आणि ऊन. आखाजी म्हणजे एप्रिल-मे, पारा ४५च्या आसपास, घरोघरी झोके आणि माहेरवाशिणी. तुमच्या ऑर्डरींचा हंगाम आणि प्रिंटरच्या तोंडाला कोरड पडायचा हंगाम एकच. हेडची भोकं केसाहून बारीक असतात, शाई सुकली की बुजतात. प्रिंटर नेहमी त्याच्या बटणाने बंद करा, भिंतीवरच्या स्विचने कधीच नाही; बटणाने बंद केला तरच हेड जागेवर जाऊन झाकणाखाली बसतं. लाइट अचानक गेली असेल तर आल्यावर एकदा चालू करून परत बटणाने बंद करा. आठवड्यातून एक छोटं रंगीत पान काढा, ऑर्डर असो-नसो. खिडकीच्या उन्हात ठेवू नका. आणि कूलरसमोर तर मुळीच नाही. कूलरची दमट हवा उघड्या कार्डांना लागली की रात्रीत त्यांच्या कडा वर येतात, आणि वर आलेली कड हेडला घासते. उरलेली कार्डं पाकिटात, पाकीट प्लास्टिकमध्ये, वर पाटा नाहीतर वह्यांचा गठ्ठा.

लग्नपत्रिकांबद्दल माझं मत थोडं कडू लागेल. घेऊ नका, म्हणजे छपाई घरी घेऊ नका. आपल्याकडे लग्नाला तीनशे-पाचशे पत्रिका कमीच समजतात, भाऊबंदकी मोजली की आकडा वर जातो. कार्ड एकेक करून, आत-बाहेर दोन वेळा, मध्ये वाळवत, अशा पाचशे काढायला किती रात्री जातील ते तुम्हीच मोजा. आणि शेवटच्या पन्नासांत मॅजेंटा (गडद गुलाबी शाई) संपतो, हा माझा अनुभव आहे. ५०–६० कार्डांपर्यंत घर, त्यावर प्रेस. डिझाइनचे पैसे तुम्ही घ्या, छपाई बाहेरून करून द्या. फाइल पाठवताना पीडीएफ करूनच पाठवा; मोबाइलवरचा युनिकोड मजकूर श्रीलिपीवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टवर, बसलेल्या ऑपरेटरकडे गेला की वेलांट्या जागा बदलतात, आणि "चि. सौ. कां." मध्ये चूक झालेली पत्रिका कुणी परत घेत नाही. बाजारात गणपती उठावाने छापलेल्या कोऱ्या पत्रिका मिळतात, त्यांवर घरीच मजकूर छापायचा मोह होईल. तो आवरा. उठाव आणि कापलेल्या खिडक्यांमुळे त्यांची जाडी ठिकठिकाणी वेगळी असते, आणि हेड तिथेच आपटतं. त्यांच्यासाठी आतलं पान वेगळं छापून चिकटवायचं.

सोनेरी अक्षरं निघतात, आणि त्यासाठी प्रिंटर लागत नाही, हे ऐकून मिस्टर खूश होतील. इंकजेटच्या शाईवर सोनेरी वर्ख बसत नाही. लेझरच्या टोनरवर बसतो. तेव्हा जेवढा मजकूर सोनेरी हवा तेवढाच गडद काळ्यात, गुळगुळीत कार्डावर, झेरॉक्सवाल्याकडून लेझरने काढून आणा. त्याच्या मशीनला पेलेल असं, १६० जीएसएमपर्यंतचं कार्ड द्या. वर टोनरवर चिकटणारी फॉइल ठेवा, दुकानात "टोनर फॉइल" म्हणून मागा. छापखान्याच्या गरम ठशाची फॉइल वेगळी, ती चालत नाही. साध्या कागदाची घडी वरून घालून लॅमिनेशनच्या मशीनमधून सरकवा. उष्णतेने टोनर परत मऊ होतो, वर्ख पकडतो, आणि गार झाल्यावर फॉइल सोलली की अक्षरं सोन्याची. रंगीत फुलं हवी असतील तर ती आधी इंकजेटवर काढून, पूर्ण वाळवून, मग टोनर. पहिल्या पाच कार्डांत वर्ख अर्धवट येईल, मशीनचं तापमान थोडं वाढवा. बारीक अक्षरांना हे शोभत नाही, नुसतं बाळाचं नाव किंवा "श्री" घ्या.

राहिले मिस्टर. त्यांना सांगा की नाना म्हणतात, अगदीच चुकीचं नाही. महिन्याला २०–२५ कार्डांचीच मागणी असेल तर झेरॉक्सवाला परवडतो. वहीत मागच्या सहा महिन्यांच्या ऑर्डरी मोजा. महिन्याला शंभराच्या वर कार्डं जात असतील तर त्यांच्यापुढे वही ठेवा आणि जळगावची एसटी पकडा. १५ हजारांतले हजार-दीड हजार शाईच्या जादा बाटल्या, पेपर कटर आणि वाया जाणाऱ्या पहिल्या पन्नास कार्डांसाठी बाजूला ठेवा, सगळे यंत्रात घालू नका. कंपनीचीच शाई भरा, निदान वॉरंटी आहे तोवर.

ता.क. पत्राच्या शेवटी तुम्ही पापडांच्या पाकिटांना लावायच्या छोट्या चिठ्ठ्यांबद्दल विचारलंय. एवढा छोटा तुकडा रोलरच्या पकडीतच येत नाही. ए-फोरच्या एका शीटवर चोवीस छापा आणि मग कापा, भोक पाडायला चपलेच्या दुकानातला पंच चांगला.